वरचा सूर आणि खालची दाढ

आमच्या गावात एक गाणं असं आहे की ते कुठेही सुरू झालं, तरी तिशीच्या पुढची माणसं गाल धरतात. एकदा सलूनमध्ये रेडिओवर ते लागलं, तर खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने वस्तऱ्याखाली असतानाच भला मोठा 'आ' केला आणि त्याच्या हनुवटीला दोन टाके पडले. तेव्हापासून सलूनवाला रेडिओवर फक्त बातम्या लावतो. बातम्यांनी कोणी तोंड उघडत नाही, असं त्याचं म्हणणं.

गाण्याचा काही दोष नाही. दोष असलाच तर माझ्या मामांचा, आणि तो त्यांना पस्तीस वर्षं माहीत नव्हता.

मामा दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. दवाखान्यात एक खुर्ची, एक बेसिन, औषधांचं काचेचं कपाट आणि कपाटावर रेकॉर्ड प्लेअर. इतर डॉक्टर त्या जागी पदवीचं प्रमाणपत्र टांगतात. मामांचं प्रमाणपत्र बेसिनच्या मागे होतं आणि चुळांचे शिंतोडे उडून त्यावरची सही केव्हाच पुसली गेली होती. मामी त्यावरून बोलल्या की मामा म्हणायचे, "सही गेली तर चालेल, प्लेअरची सुई जायला नको."

रेकॉर्ड मात्र एकच. बशीएवढी, मधे मोठं भोक असलेली. तिच्या एका बाजूला ते गाणं. दुसऱ्या बाजूला काय आहे हे कोणाला ठाऊक नाही, कारण "त्या दिवशी बाईंचं लक्ष नव्हतं" म्हणून मामा ती बाजू लावतच नसत. बाई म्हणजे गाणारी बाई. समुद्रापलीकडची, सोल नावाच्या ढंगाचं गाणारी, आणि आमच्या जन्माच्या कितीतरी आधीची. मामांना ही रेकॉर्ड कॉलेजात मिळाली. परीक्षेसाठी त्यांनी महिनाभर खपून मेणाचे बत्तीस दात कोरले होते. ते होस्टेलमधल्या एका मित्राला देऊन त्याच्याकडून त्यांनी रेकॉर्ड घेतली. मित्र पास झाला. मामा सहा महिने मागे पडले, पण त्या सहा महिन्यांबद्दल मी त्यांना कधी हळहळताना पाहिलं नाही.

मामांची दाढ काढायची पद्धत ठरलेली होती. आधी इंजेक्शन. मग पेशंटला बाहेरच्या बाकावर दहा मिनिटं बसवायचं, म्हणजे जबडा बधिर होतो. मग आत बोलावून खुर्चीत आडवं करायचं, आणि सिस्टर रेकॉर्डवर सुई ठेवायच्या. पहिल्यांदा ड्रमचे नुसते चार ठोके. मग ऑर्गन. ऑर्गन आला की मामा आरसा घालून दाढ बघायचे. बाई गायला लागली की चिमटा बसवायचे. पहिलं कडवं ती अगदी आळसावून गाते, ठेक्याच्या केसभर मागे राहून, दारात उभं राहून आत जावं की नाही असा विचार करणाऱ्या माणसासारखी. तेवढ्या वेळात मामा दाढ हलवून घ्यायचे. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती श्वास घेते. तो श्वास रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येतो. आणि मग ती जो वरचा सूर लावते, त्या सुरावर दाढ बाहेर.

"ती वर गेली की मी वर ओढतो," मामा सांगायचे. खालच्या दाढेला हे ठीक होतं. वरची दाढ असली तर खाली ओढावी लागे, पण त्याबद्दल ते जास्त बोलत नसत.

दाढ ट्रेमध्ये खण्णकन पडली की सिस्टर सुई उचलायच्या, कारण आता पेशंटला सूचना ऐकू यायला हव्यात. कापूस घट्ट चावून धरा, थुंकू नका, आज गरम काही घेऊ नका. गाण्याचं शेवटचं एक मिनिट तसंच राहून जायचं.

मामांचा पक्का समज होता की आपण दातांबरोबर गावाचे कानही सुधारतोय. जेवायला वर आले की ते मामींना दिवसभराचा अहवाल द्यायचे.

"आज पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑर्गन सुरू झाला नाही तोच."

"दाढ होती की सुळा?" मामी विचारायच्या.

"अगं, गाण्याचं बोलतोय मी."

"मीही गाण्याचंच विचारतेय."

"आणि दुसऱ्या कडव्यात त्यांनी सूर धरला! तोंडात चिमटा असताना! माणूस रसिक आहे."

मामी यावर आणखी एक पोळी वाढायच्या. मामींचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, त्यामुळे या विषयावर त्या गावातल्या एकमेव तटस्थ व्यक्ती.

मी स्वतः त्या खुर्चीत एकदाच बसलो, एकविसाव्या वर्षी, अक्कलदाढेसाठी. मला ते गाणं आठवतं ते छतावरच्या एका ओल्या डागासकट. ड्रमचे चार ठोके पडले आणि माझी पाचावर धारण बसली. बाई कशी गायली ते विचाराल तर मी एवढंच सांगेन, की ती लवकर वर जावी अशी इतक्या कळकळीने मी कोणत्याही गायिकेची वाट पाहिलेली नाही. घरी जाताना मामांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कसं वाटलं?" तोंडात कापूस होता. मी मान हलवली. ती मान त्यांनी बाईंच्या खात्यावर जमा केली.

गेल्या वर्षी मामांना सदुसष्ट पूर्ण झाली. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, तीही दातांचीच डॉक्टर. दवाखाना ती चालवायला घेणार हे ठरलंच होतं. पण मामांनी हात लवकर काढून घेतला त्याचं कारण वय नव्हतं. कारण कान होते.

सुरुवात किटलीपासून झाली. चहाची किटली शिटी मारत होती आणि मामा तिच्या शेजारी उभं राहून वर्तमानपत्र वाचत होते. मामींना वाटलं, नेहमीसारखं लक्ष नाही. मग एके दिवशी दवाखान्यात, ऐन दुसऱ्या कडव्यात, मामांचा हात थांबला. पेशंट 'आ' करून, चिमटा दाढेवर, आणि मामा वाट बघतायत.

"डॉक्टर, सूर होऊन गेला," सिस्टर हळूच म्हणाल्या.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि एक आलेख काढून दिला. खालच्या सुरांपाशी रेघ नीट चालत होती आणि वरच्या सुरांकडे जाता जाता जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली आली होती. कानाशी पस्तीस वर्षं ड्रिलची किरकिर ऐकली की असं होतं, म्हणाले. सावकाश वाढत जाईल. गेलेले सूर परत येत नाहीत.

मामा आलेख घेऊन घरी आले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं.

"श्वास ऐकू येतो," ते म्हणाले. "बाई श्वास घेते तिथपर्यंत सगळं येतं. मग तिने तोंड उघडलंय एवढं कळतं, आणि पुढे नुसता ऑर्गन. माझ्या पेशंटसारखं झालंय तिचं."

मला हसू आलं आणि हसलो याची लाजही वाटली.

"मला आठवतो तो सूर अजून. पण आठवतो तोवरच कोणालातरी नीट सांगून ठेवला पाहिजे. कुठे ऐकायचं, काय ऐकायचं. ज्याला ते गाणं सगळ्यात जास्त आवडतं त्याला मी रेकॉर्ड आणि प्लेअर देऊन टाकणार. सगळं गाव ऐकत आलंय, निवडायचं तरी कोणाला? तू एक काम कर. जुन्या पेशंटांना रविवारी पाचला बोलाव."

मी ताईकडे पाहिलं. ताईने छताकडे पाहिलं. तिने दवाखाना रंगवून घेतला होता, नवीन खुर्ची सांगितली होती आणि पहिला नियम केला होता की पेशंटच्या कानावर ते गाणं पडणार नाही. पण ही बातमी मामांच्या कानावर घालायची तिची छाती झाली नव्हती.

"मामा, लोकांना वेळ असेल नसेल…" मी सुरुवात केली.

"माझ्यासाठी नका येऊ म्हणावं. बाईंसाठी या."

मी घरोघर जाऊन निरोप दिला आणि 'डॉक्टरांसाठी या' असंच सांगितलं. लोक आले. मामांनी गावात रात्री-अपरात्री सुजलेले जबडे बघितलेत, पैसे नसले तर नंतर द्या म्हटलंय, त्यामुळे न येण्याची सोय कोणालाच नव्हती. पाचच्या आत, बाहेरचा बाक आत आणून ठेवला होता तो भरला, आणलेल्या खुर्च्या भरल्या. मामींनी पाहुण्यांचे दात ध्यानात घेऊन मऊ केक केला होता. सगळ्यात शेवटी आल्या टाचणीकाकू, आणि त्यांच्यासाठी एकच जागा उरली होती. दातांची खुर्ची.

टाचणीकाकू म्हणजे कोपऱ्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाच्या मालकीण. ब्लाउज मापाला लावताना टाचण्या पुढच्या दातांत धरायच्या त्यांच्या सवयीमुळे हे नाव पडलं, आणि त्या वयाने लहान असूनही सदुसष्ट वर्षांचे मामासुद्धा त्यांना काकूच म्हणतात. टाचण्यांनी दातांना चिरा पडल्या, चिरांमधून कीड गेली आणि तीस वर्षांत त्यांचे सात दात मामांनी काढले. बाईंचं गाणं गावात सगळ्यात जास्त वेळा त्यांनीच ऐकलेलं. मामांचं मनातलं नाव तेच असणार, हे मी ओळखून होतो. काकू खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, दोन्ही पाय जमिनीवर रोवून.

मामा उभे राहिले. खरं सांगतो, मी शाळा-कॉलेजात जेवढी भाषणं ऐकली त्यात इतकं प्रेमाचं भाषण नव्हतं. त्यांनी सांगितलं की ही रेकॉर्ड एकाच दमात झाली आहे, सगळे वादक एका खोलीत बसून, चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या कडव्यात ड्रमवाला तिला ओढत नाही, तिची वाट बघतो, ते ऐका. ऑर्गनवाला मधे एकदा चुकतो आणि ती चूक लपवायला ती शब्द जरा लांबवते, ते ऐका. "आणि तो श्वास. पोहणारा माणूस बुडी मारायच्या आधी घेतो तसा. लोक सुराला मान डोलावतात, पण मी ही रेकॉर्ड घेतली ती श्वासासाठी."

मग त्यांनी सुई ठेवली.

चार ठोके. सलूनवाल्याने डोळे मिटले. बाकावरच्या सगळ्यांचे हात आपापल्या गालावर गेले, कोणाचा उजवा, कोणाचा डावा, जशी ज्याची दाढ. ऑर्गन सुरू झाला आणि पोस्टमास्तर, जे निवृत्त झाल्यावरही कडक इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसतात, त्यांचं तोंड आपोआप उघडलं. पहिलं कडवं अर्ध्यावर आलं असेल नसेल, टाचणीकाकू ताडकन उभ्या राहिल्या.

"बंद करा, डॉक्टर! बंद करा ते!"

सिस्टरांनी सवयीने सुई उचलली.

"काय झालं, काकू?"

"काय झालं म्हणून काय विचारता? सात दात काढलेत तुम्ही माझे या बाईच्या साथीने. पुढच्या चौकातून हिचा आवाज आला तरी माझ्या हिरड्या ठणकतात."

"पण तुम्ही रडायचात… दुसऱ्या कडव्याला. दरवेळी."

"मग तोंडात चिमटा असल्यावर माणूस हसेल का?"

मामांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. "तुम्ही तर सूर धरायचात."

पोस्टमास्तरांनी तोंड मिटलं, रुमालाने पुसलं. "डॉक्टर, मी 'थांबा' म्हणत होतो."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. मामा बेसिनच्या कडेला टेकले. पस्तीस वर्षं ज्या माना हलल्या, जे डोळे भरून आले, ते सगळं ते मनातल्या मनात परत मोजत असावेत आणि प्रत्येक वेळी एक दाढ वजा होत असावी. तबकडी अजून फिरत होती आणि तिची बारीक चिरचिर ऐकू येत होती. त्यांना नसेल येत कदाचित.

"झालं तुमचं?" मामी दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातात केकची ताटली होती. "आता मी सांगते. यांना वरचं ऐकू येत नाही हल्ली. बाई ओरडते ते तर गेलंच. उरलंय तेही जाईल. म्हणून बोलावलंय तुम्हाला, तुमचे दात मोजायला नाही. कोणीतरी त्यांच्यासाठी ते ऐकावं, एवढंच आहे."

"अगं, ओरडत नाही ती," मामा पुटपुटले.

सगळ्यांनी खाली पाहिलं. काकू मटकन पुन्हा खुर्चीत बसल्या, आणि या वेळी पाठ टेकून, त्यांच्याही लक्षात न येता. 

"मग पुढचं लावा ना," त्या म्हणाल्या.

"पुढचं?"

"दाढ निघाल्यानंतरचं. ते कुठे ऐकलंय कोणी? सिस्टरांनी सुई उचलायची आणि तुम्ही कापूस कोंबायचा."

"मीही नाही ऐकलेलं," सिस्टर म्हणाल्या. "चोवीस वर्षं झाली, डॉक्टर. मला वाटायचं संपतंच तिथे."

मामांनी सिस्टरांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्यांनी चोवीस वर्षं पेशंटची भलतीच दाढ काढली होती. मग उठून त्यांनी स्वतः सुई हातात घेतली, तबकडीवर वाकले आणि बरोबर त्या खाचेत ठेवली जिथे वरचा सूर संपतो.

ड्रम नव्हता. सगळे वादक थांबले होते, फक्त ऑर्गनचा एक स्वर धरून ठेवलेला. आणि बाई अगदी खाली येऊन, जवळ बसून बोलल्यासारखी गात होती. मामा अर्थ सांगत होते, हळूच. "नाही म्हणतेय. येऊ नकोस म्हणतेय. पाच वेळा म्हणेल, मोजा." पहिलं 'नाही' खणखणीत होतं. दुसरं जरा कमी. तिसऱ्या 'नाही'पर्यंत सलूनवाल्याचा हात गालावरून खाली आला होता. चौथं तर ती अर्धंच म्हणाली. पाचव्याला शब्द राहिला नव्हता, नुसती हुंकारासारखी एक मऊ वळणाची लकेर, आणि ती ऐकून कोणीही चप्पल घालून तिच्याकडे निघालाच असता. मग गाणं संपलं, आणि माइक बंद झालाय असं समजून बाई हसली. खुदकन, एकदाच.

सगळी खोली हसली. तिशीच्या पुढची, कमी दातांची माणसं, मोकळ्या तोंडाने. दाढ निघाल्यावर इतकं बरं वाटतं हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याला गाणं असतं हे आज कळत होतं.

"पुन्हा," पोस्टमास्तर म्हणाले.

चार वेळा लावलं. पाचव्या वेळी केक आला. मामा खूश झाले म्हणावं तर तसंही नाही. "अर्धंच आवडलं यांना," ते मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले. "मागचं अर्धं. ज्याच्यात काही अवघड नाही ते."

तेवढ्यात काकू आल्या. "कोणाला देणार होतात ना रेकॉर्ड? मला द्या."

"तुमच्या हिरड्या ठणकतात."

"शेवटच्याला नाही ठणकत. मी तेवढंच लावीन."

"अर्धी रेकॉर्ड देत नसतो मी. घ्यायची तर अख्खी. चार ठोक्यांपासून."

"अहो, पण…"

"आणि वरचा सूर आला की मला सांगायचं, कसा लावला ते. नुसतं 'छान' म्हटलेलं चालणार नाही. मी दर बुधवारी येईन."

"हे तर तुमचं इंजेक्शनच झालं," काकू म्हणाल्या. पण प्लेअर त्यांनी त्याच संध्याकाळी नेला, माझ्या डोक्यावरून.

पहिल्या बुधवारी चार ठोक्यांना काकू मागच्या खोलीत पळाल्या, आणि मामा दुकानात एकटेच बसून ऑर्गन ऐकत राहिले. दुसऱ्या बुधवारी टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. तिसऱ्या वेळी श्वासापर्यंत टिकल्या, आणि सूर आला तेव्हा बोट वर करून ओरडल्या, "आता! आता गेली!"

"कशी गेली?"

काकूंनी डोकं खाजवलं. "कापड फाडताना आधी कात्रीने चीर देतो ना, मग दोन्ही हातांनी ओढलं की सरळ फाटत जातं. तशी. पण फाटलं असं वाटत नाही."

मामांनी डोळे मिटले. त्यांना तो सूर दिसला असावा, कारण ते बराच वेळ मान हलवत होते, आणि ती मान हलणं कशासाठी आहे याबद्दल दुकानात कोणाला शंका नव्हती.

आता बुधवारची ही बैठक ठरून गेली आहे. चारच्या सुमाराला काकू मशीन थांबवतात, मामा त्यांना आधी तोंडातल्या टाचण्या काढायला लावतात, आणि मग सुई. परवा मी बाहीचं माप द्यायला गेलो होतो तेव्हा सूर नुकताच होऊन गेला होता आणि भांडण चाललं होतं.

"आज जरा उशिरा लावला तिने," काकू म्हणत होत्या. "आणि शेवटी किंचित दमल्यासारखी वाटली."

"काकू, रेकॉर्ड आहे ती. दरवेळी तसंच गाते."

"असं? मग दरवेळी मला का विचारता?"

 मामांनी खुर्ची पुढे ओढली.

"पुन्हा लावा," ते म्हणाले. "पहिल्यापासून."